दुसऱ्या दिवसाचं काम

सकाळी 6.30

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक अजून संपलेली नाही. चहा घेऊन गच्चीवर गेलं की टिळक चौकाकडून ढोलांचा आवाज येतो, दमलेला पण चालू. घाटाच्या ग्रुपवर रात्रभरात फोटोंचा ढीग पडलाय. शेवटचा निरोप पहाटे पावणेपाचचा आहे: 'अष्टभुजा घाटावरचे दोन निर्माल्य कलश भरले, गाडी पाठवा.' गाडी गेली असणार, कारण खाली कुणीतरी अंगठा दाखवलाय.

आमची संस्था छोटी. गणपतीच्या दिवसांत मुठेच्या घाटांवर उभं राहायचं आणि निर्माल्य नदीत पडायच्या आत हातात घ्यायचं. फुलं-पत्री एकीकडे, प्लॅस्टिक, थर्माकोल, दोरा दुसरीकडे. मग ओला भाग खतासाठी रवाना करायचा. एवढंच तिचं काम. दीड दिवसाच्या विसर्जनापासून कालपर्यंत दोनशेच्या घरात माणसं येऊन गेली. मी संस्थेचं सोशल मीडिया बघते, अर्धवेळ, मानधन घेऊन. म्हणजे मी स्वयंसेवक नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हा मुद्दा पुढे येणार आहे.

आजचं काम एकच, या सगळ्यांचे जाहीर आभार. ते आजच व्हायला हवेत. आज पौर्णिमा, उद्यापासून पितृपक्ष, आणि आमच्या खजिनदारांच्या मते शुभकार्य त्याच्या आत उरकावं. माझं कारण वेगळं आहे. माणसाची कंबर दुखतेय तोवरच आभार त्याला पोचतात. आठवड्याने टाकलेली पोस्ट म्हणजे लग्नानंतर आलेली पत्रिका.

ग्रुपवर पहिला निरोप टाकते: 'फोटो परत पाठवा, या वेळी डॉक्युमेंट म्हणून.' साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि हॅलोजनच्या उजेडात काढलेला फोटो दाबला गेला की चेहऱ्यांची पार रया जाते.

सकाळी 8.00

फोटोंची निवड. आधी काय टाकायचं नाही ते ठरलेलं असतं, त्यामुळे अर्धा ढीग झपाट्याने कमी होतो. भंगलेल्या किंवा अर्धवट विरघळलेल्या मूर्तीचा एकही फोटो जाणार नाही. असा फोटो कुणीतरी दर वर्षी टाकतंच. तो फिरतो, आणि तासा-दोन तासांत भांडण मूर्तीवरून धर्मावर जातं. त्यात आभार कुठल्या कुठे वाहून जातात. घाटावर शेवटची आरती करणाऱ्या कुटुंबांचे चेहरेही नकोत. ती मंडळी बाप्पाला निरोप द्यायला आली होती, आमच्या पानावर यायला नव्हे.

एका फोटोपाशी मात्र थांबते. पन्नाशीच्या एक बाई, पदर खोचलेला, हातात रबरी मोजे, त्यातल्या डाव्याचा अंगठा फाटून बाहेर आलाय. त्या हाराचा जरीचा दोरा फुलांतून सोडवताहेत. दोन नखांनी, अगदी वेणीतला गुंता सोडवावा तशा सावकाश. शेजारच्या बादलीत दोऱ्यांचा भलामोठा गोळा आहे. निर्माल्य बारीक करायच्या यंत्रात असा दोरा गेला की तो पात्याभोवती गुंडाळतो आणि यंत्र बंद पडतं, म्हणून हे काम हातानेच करावं लागतं. बाई कॅमेऱ्याकडे बघतही नाहीत. पोस्टचा पहिला फोटो हाच.

पण ग्रुप फोटोही घ्यावे लागतात. मागे बॅनर, पुढे दोन बोटं वर केलेली मुलं, कोपऱ्यात डोळे मिटलेला एक जण, असे. माझ्या दृष्टीने ते सगळे सारखेच. पण आलेला माणूस पोस्टमध्ये आधी स्वतःला शोधतो, आणि आभार त्याचे आहेत. माझ्या फोटोग्राफीच्या आवडीनिवडीला इथे काही किंमत नाही.

सकाळी 9.30

आता खरं काम. नावं.

आभारप्रदर्शन हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. सभागृहात 'आभार मानण्यासाठी मी विनंती करतो' हे शब्द आले की मागच्या रांगा उठतात आणि पुढच्या रांगा पायाने चपला चाचपतात. उभा राहिलेला गृहस्थ मंडपवाले, माइकवाले, पत्रकार बंधू असं करत करत 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' म्हणून मोकळा होतो. त्या 'अज्ञात'वर माझा राग आहे. सहा तास चिखलात उभी राहिलेली बाई अज्ञात नसते. तिचं नाव लिहून घ्यायचं कुणाला सुचलेलं नसतं, इतकंच.

आमच्याकडे नावं दोन ठिकाणी असतात. आधी नोंदणी केलेल्यांची फोनवरच्या फॉर्ममध्ये, आणि आयत्या वेळी आलेल्यांची प्रत्येक घाटावरच्या हजेरीच्या वहीत. ओंकारेश्वरची वही कोरडी आहे. पांचाळेश्वरची भिजलीये, आणि पाचव्या दिवसाच्या पानावर निळ्या शाईचे ढग झालेत. त्या पाळीच्या प्रमुखाला फोन लावते. तो झोपेत आहे. झोपू दे, म्हणून त्याच्या बायकोशी बोलते. तीही त्या पाळीला होती, आणि तिला नावं त्याच्यापेक्षा जास्त आठवतात.

फॉर्ममधली नावं वाचता येतात, पण ती रोमन लिपीत. त्यांचं देवनागरी करणं म्हणजे चालत्या गाडीत सुई ओवणं. सायलीची सयाली होते. ऋजुता की रुजुता, मिताली की मीताली, ऋचा की रुचा, हे रोमन लिपी सांगत नाही. फोन सांगतो असं म्हणाल, तर फोन आपोआप जे सुचवतो ते हमखास चूक असतं. शंका असेल तिथे विचारायचं: 'तुमचं नाव मराठीत कसं लिहिता?' या प्रश्नावर आजवर कुणी चिडलेलं नाही. उलट समोरचा क्षणभर थांबतो आणि एकेक अक्षर सांगतो. आपल्या नावाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याची कुणी चौकशी केली, याचंच त्याला अप्रूप वाटतं.

आडनावाचंही एक कलम आहे. आम्ही फॉर्ममध्ये 'नाव, जसं छापून यावंसं वाटतं तसं' एवढंच विचारतो. काही जण फक्त पहिलं नाव देतात. काही जण पुढे आईचं नाव लावतात. आपल्याकडे आडनाव वाचलं की पुढचा माणूस मनातल्या मनात काय काय ताडून बघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते ज्याचं त्याने ठरवावं. क्रम घाटाप्रमाणे, त्यात पाळीप्रमाणे, त्यात अकारविल्हे. विश्वस्तांची नावंही त्यातच, आपापल्या अक्षराला. पहिल्या वर्षी यावरून थोडी कुरकुर झाली होती म्हणतात, आता सवय झालीये.

सकाळी 11.00

'ताई, भाऊंच्या ऑफिसातून बोलतोय.'

भाऊ म्हणजे आमच्या प्रभागातले निवडणुकीसाठी इच्छुक. भाऊंनी काल पाण्याच्या बाटल्यांचे खोके पाठवले होते, ते खरंच उपयोगी पडले. आता भाऊंच्या माणसाचं म्हणणं, पोस्टमध्ये भाऊंना टॅग करा, आणि फोटो जमलं तर पहिलाच. फोटो त्याने पाठवलाही आहे. भाऊ नदीकडे बघताहेत, मागे सूर्य आहे, आणि त्या घाटावर सूर्य त्या बाजूला मावळत नाही.

मी सांगते की साहित्य देणाऱ्यांची शेवटी वेगळी पाटी, म्हणजे पोस्टमधलं वेगळं चित्र, असते. हातमोजे दिलेलं औषधांचं दुकान, वडापाव देणारे गाडीवाले, पाणी देणारे भाऊ, सगळे एकाच आकाराच्या अक्षरात. 'फोटो कुणाचाच नाही.' तो म्हणतो, 'साहेबांना सांगतो.' हा फोन संध्याकाळी परत येणार. मंडळांच्या फ्लेक्सवर स्वयंसेवक खाली तिकिटाएवढे आणि नेते वर खिडकीएवढे असतात. इन्स्टाग्रामवर तोच फ्लेक्स लावायचा असेल तर माझी गरज नाही.

सकाळी 11.40

आता तो मानधनाचा मुद्दा.

निवडलेल्या फोटोंपैकी कितीतरी फोटोंत महापालिकेचे सफाई कामगार आहेत, आणि 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई आहेत. फोटो झकास आहेत. सराईत हात असल्यामुळे त्यांच्या ढिगाऱ्याची उंची आमच्या ढिगाऱ्याच्या दुप्पट. ग्रुपवर कुणीतरी त्यातल्याच एका फोटोखाली लिहिलंय, 'आपले स्वयंसेवक!' आणि खाली हात जोडल्याची चिन्हं.

त्या स्वयंसेवक नाहीत. कचरा वेगळा करणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम आहे, आणि त्या कामाला काम म्हणून मान्यता मिळावी यासाठी पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' निघाली. इतक्या वर्षांच्या त्या भांडणाचं सार, आम्हाला मोबदला हवा, दया नको, असं आहे. मग त्यांचा फोटो 'निःस्वार्थ सेवा' अशा ओळीखाली टाकणं म्हणजे त्यांची मजुरी गिळून वर हार घालणं. वाचणाऱ्याला वाटतं, या बायका हौसेने आल्यात. मग पुढच्या वर्षी कुणीतरी बैठकीत म्हणतंच, 'त्या तर सेवा म्हणून करतात ना?'

म्हणून त्यांची वेगळी पाटी. त्यावर त्यांचं काम, त्यांच्या संस्थेचं नाव, महापालिकेच्या आरोग्य कोठीचा उल्लेख, आणि साधं वाक्य: 'हे त्यांचं रोजचं काम आहे. दहा दिवस त्यांनी आम्हाला ते शिकवलं.' फोटोसाठी त्यांच्या गटप्रमुख ताईंना विचारते. त्या म्हणतात, दोघींना चालेल, तिसरीला नको. तिसरीचा फोटो काढून टाकते.

दुपारी 12.15

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांचा फोन. आमच्याकडचे निम्मे तरुण हात यांचे. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिचं ब्रीद 'नॉट मी, बट यू', म्हणजे मी नव्हे, तुम्ही. आणि फोनवरचा मुलगा विचारतोय, 'मॅडम, आम्हाला वेगवेगळं टॅग कराल ना?'

मला यात विसंगती वाटत नाही. वय एकोणीस, पावसात उभा राहिलेला, मित्रांना दाखवावंसं वाटणारच. पण त्याला टॅगहून जास्त गरज दुसऱ्याच कागदाची आहे. या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास भरावे लागतात, आणि ते तास कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे लेखी पोचले पाहिजेत. तारीख, घाट, किती ते किती, खाली संस्थेची सही. हजार लाइक मिळूनही या कागदाची बरोबरी होत नाही. तेव्हा आधी तासांची पत्रं, मग टॅग. अध्यक्षांना सही करायला दुपारी बोलावलंय, ते 'पोस्ट झाली का?' विचारतात. पत्रं आधी, असं सांगते.

इन्स्टाग्राम एका पोस्टवर वीस खात्यांनाच टॅग करू देतं. मुलं त्याच्या तिप्पट. म्हणून त्यांच्या महाविद्यालयाच्या युनिटचं खातं टॅग करायचं आणि ज्याला हवं त्याने आपल्या स्टोरीत पोस्ट घ्यायची, असं ठरतं. 'चालेल मॅडम.' आवाजावरून चाललेलं नाही.

दुपारी 1.30

वरणभात. फोन उलटा.

दुपारी 2.00

मजकूर आणि मांडणी. 'आपल्या सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे हे शक्य झाले' हे वाक्य मी लिहीत नाही. ते कुठल्याही संस्थेच्या कुठल्याही पोस्टला चिकटतं, म्हणून कुणालाच चिकटत नाही. आभार मानायचे तर काम लिहायचं. गौरी विसर्जनाला भर पावसात कलशांवर ताडपत्री धरून उभे राहिलेले चौघे. फुलांतल्या टाचण्या वेगळ्या करणाऱ्या आजी. रात्री दीड वाजता 'रिक्षा मिळत नाही' म्हणणाऱ्या मुलींना आपल्या गाडीने घरी सोडून परत आलेले एक काका. आणि विसर्जन हौदाशी दिवसभर लोकांची समजूत घालणारा गट, ज्यांचं काम फोटोत दिसतच नाही.

त्या गटाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते. पीओपीच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत सांगितलं. पण आदेश कागदावर असतो, आणि घाटावर हातात मूर्ती घेतलेले आजोबा म्हणतात, 'साठ वर्षं नदीतच सोडतोय.' त्यांच्याशी हुज्जत न घालता बोलायला माणूस लागतो. आमच्याकडे रसायनशास्त्राच्या एक निवृत्त बाई आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली पद्धत त्या घाटावर उभ्या राहून समजावतात. पीओपीची मूर्ती घरीच बादलीत, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची. ती हळूहळू विरघळते, खाली खडूसारखा गाळ बसतो आणि वर उरलेलं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. 'बाप्पा बागेत राहतो हो, गेला कुठे?' असा त्यांचा शेवट असतो, आणि निम्मे लोक तिथे हसून ऐकतात. बाईंचे आभार त्यांच्या या वाक्यासकट जाणार.

आता यादी. इन्स्टाग्रामच्या मजकुराला 2200 चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत ती भराभर संपते, कारण काना, वेलांटी, हलंत सगळं सुटं मोजलं जातं. 'श्री' म्हणजे चार चिन्हं, 'ज्योत्स्ना' म्हणजे दहा. दोनशे नावं मावत नाहीत. म्हणून नावं पाट्यांवर, म्हणजे चित्रात. एका पोस्टमध्ये पूर्वी दहाच चित्रं जात, 2024 पासून वीस जातात, त्यामुळे आता प्रत्येक घाटाला स्वतंत्र पाटी देता येते. अक्षर मोठं ठेवते. ज्यांची नावं आहेत त्यांच्यातले निम्मे चाळिशीच्या चष्म्याचे आहेत.

तयार साच्यांत मराठीचे हाल होतात, ते वेगळंच. कितीतरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. 'करणाऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चा चुकून रफार होतो आणि 'करणार्या' उमटतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही म्हणणाऱ्याने आमच्या संस्थेत यावं. सदाशिव पेठेतले तिघे स्वयंसेवक फक्त एवढंच कळवायला फोन करतात.

चित्रातलं नाव शोधात सापडत नाही, आणि अंध माणसाच्या फोनला ते वाचूनही दाखवता येत नाही. म्हणून प्रत्येक पाटीच्या पर्यायी मजकुरात नावं पुन्हा टाइप करते. फेसबुकवर मर्यादेची अडचण नाही, तिथे पूर्ण यादी अक्षरातच जाते. हे काम कंटाळवाणं आहे. गाणी लावते आणि करते.

दुपारी 4.00

परवानग्या. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: फोटो आणि नाव दोन्ही चालेल, फक्त नाव चालेल, काहीच नको. 'काहीच नको' लिहिणाऱ्यांना कारण विचारायचं नाही, असा नियम मी घालून घेतलाय. कुणाच्या घरी माहीत नसतं. कुणाला आपण कुठे असतो ते एका विशिष्ट माणसाला कळू द्यायचं नसतं. काही कारणं आपल्याला माहीत नसलेलीच बरी.

काही कारणं मात्र स्वतःहून चालत येतात. 'ताई, तो अष्टभुजाचा ग्रुप फोटो टाकू नका प्लीज. मी ऑफिसात आजारी आहे म्हणून सांगितलंय.' फोटोत हा गृहस्थ मधोमध, डोक्याला भगवं उपरणं, दोन्ही हातांत दोन बादल्या, तब्येत ठणठणीत. फोटो कापून तो वगळता येईना, म्हणून दुसरा फोटो. यादीत त्याचं नाव हवं का, विचारते. 'नाव चालेल. माझ्या नावाचे पुण्यात पुष्कळ आहेत.'

मुलांच्या बाबतीत थट्टा नाही. आई-वडिलांबरोबर आलेली दहा-बारा वर्षांची पोरं फोटोत सगळ्यात गोड दिसतात, आणि टाकायचा मोह तिथेच होतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आम्ही कायदा येण्याच्या आधीपासून पालकांकडून लेखी होकार घेतो आणि मुलांच्या शाळेचं नाव टाकत नाही. एका वडिलांचा होकार आहे, आईचा नाही. फोटो जात नाही.

संध्याकाळी 5.30

ओंकारेश्वरच्या पाळीला दहाही दिवस आलेले एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. साधा फोन वापरतात, त्यामुळे पोस्ट त्यांना दिसणारच नाही. तरीही विचारायला फोन करते.

'काका, नाव टाकतेय यादीत.'

'अगं कशाला? या हाताचं त्या हाताला कळू नये. काम केलं म्हणून सांगत सुटायचं का?'

'तुम्ही नाही सांगत, आम्ही सांगतोय.'

'ते एकच.' मग थोडं थांबून, 'नाव मधुकर हां, मधूकर लिहू नकोस, धु ऱ्हस्व.'

म्हणजे टाकायचं आहे. त्यांच्या घाटाची पाटी छापून घेते, मोठ्या कागदावर. त्यांच्या सोसायटीचे सचिव सूचना फलकावर लावतो म्हणालेत. काकांना सोशल मीडिया आवडत नाही. जिन्याजवळच्या फलकाचं काही वावडं नसावं.

संध्याकाळी 7.00

भाऊंच्या माणसाचा फोन परत. 'साहेब म्हणाले, चालेल, पण नाव पहिलं घ्या.' नाव अक्षराप्रमाणे येतं, हे सांगते. भाऊंचं नाव 'अ'वरून आहे, त्यामुळे ते तसंही पहिलंच आहे. दोघांचंही समाधान.

यादी दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय पोस्ट जात नाही. ज्याने टाइप केलं त्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत. आमच्या सचिव ताई मोठ्याने नावं वाचतात, मी वहीत टिक करते. मग पोस्ट टाकते. साडेसातच्या सुमाराला, म्हणजे माणसं घरी आलेली असतात आणि जेवायला बसलेली नसतात. संस्थेच्या पोस्टवर देणगीचा क्यूआर कोड घालावा, अशी खजिनदारांची सूचना होती. आजच्या पोस्टवर नको, असं ठरलंय. आभार मानून लगेच हात पुढे करणं शोभत नाही. देणगीची पोस्ट पुढच्या आठवड्यात, पितृपक्ष असला तरी.

रात्री 8.15

प्रतिक्रिया. बहुतेक हृदयं आणि हात जोडलेले. मग अपेक्षित दोघे येतात. एक: 'फक्त आमच्याच सणाला नदी आठवते का?' दुसरा: 'शहराचं सांडपाणी नदीत जातं, तुम्ही फुलं वेचा!'

पहिल्याला मी उत्तर देत नाही. आमचे स्वयंसेवक सण साजरा करूनच घाटावर येतात, आणि यादी वाचली तर ते दिसतंच. दुसऱ्याचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि खरं आहे असं लिहून टाकते. मुळा-मुठेत प्रक्रिया न झालेलं मैलापाणी मिसळतं, त्यासाठी 'जायका' या जपानी संस्थेच्या कर्जातून अकरा शुद्धीकरण केंद्रांच्या प्रकल्पाचा करार 2016 मध्ये झाला. निर्माल्य उचलल्याने ते पाणी स्वच्छ होत नाही. त्याने निर्माल्य नदीत जात नाही, एवढंच होतं. तेवढ्यासाठीच ही माणसं उभी होती. दुसरं उत्तर देत नाही. आभारांच्या खाली वादाची लांबलचक साखळी लागली की ज्यांचे आभार मानले तेच पोस्ट उघडेनासे होतात.

तिसरी प्रतिक्रिया महत्त्वाची: 'पांचाळेश्वरला पाचव्या दिवशी माझी आईपण होती.' भिजलेल्या वहीचं पान. लगेच फोन करून नाव अक्षर-अक्षर विचारते. पोस्टमधलं चित्र आता बदलता येत नाही, म्हणून मजकुरात नाव घालते, शिवाय पहिल्या प्रतिक्रियेत लिहून ती वर टाचून ठेवते. फेसबुकच्या यादीत ते सरळ आपल्या अक्षराला जाऊन बसतं. मुलगी त्यावर स्वतःच लिहिते, 'आई खूश!!!' तीन उद्गारचिन्हं.

ढोल-ताशाच्या रीलला मिळतात तितके बघणारे या पोस्टला मिळत नाहीत, हे अध्यक्षांना दर वर्षी समजावून सांगावं लागतं. ही पोस्ट अनोळखी लोकांसाठी नाहीच. ती पुढे पाठवली जाते, मावशीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, 'बघ, तिसऱ्या पाटीवर उजवीकडे' असं लिहून. ते आकडे मला दिसत नाहीत, आणि नसले दिसत तरी चालतं.

रात्री 9.45

शेवटचं काम पडद्यामागचं. 'काहीच नको' लिहिलेल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातला निरोप, एकेकाला वेगळा, कुठल्या दिवशी काय केलं ते सांगून. जाहीर आभार नको म्हणजे आभारच नको, असं होत नाही. सगळ्यांना एकच निरोप पुढे ढकलला तर वर 'फॉरवर्डेड' उमटतं आणि केलेलं सगळं फुकट जातं. म्हणून पाणी पिऊन पुन्हा पुन्हा बोलायचं.

सफाई कामगारांच्या मुकादमांना पाटी पाठवते. त्यांचं उत्तर येतं: 'पोरांना दाखवली. आमचं ओव्हरटाइमचं पण लिवा एकदा.' ते या पोस्टमध्ये बसत नाही. उद्या सचिव ताईंबरोबर बसून महापालिकेला त्यासाठी वेगळं पत्र तयार करायचं आहे.

तुमच्या मंडळाची, सोसायटीची, वाचनालयाची आभारांची पोस्ट अजून राहिली असेल, तर कॅप्शन सुचवणाऱ्या अ‍ॅपकडे जाऊ नका. हजेरीची वही कुणाच्या पिशवीत राहिली आहे ते आधी शोधा. भिजली असेल तर पानं सुटी करून पंख्याखाली ठेवा, आणि जे वाचता येत नाही ते आज रात्रीच फोन करून विचारा. चार दिवसांनी त्या पाळीला कोण होतं, हे कुणालाच आठवणार नाही.